शेळ्यांच्या गळ्यातले पट्टे

धाराशिव, ३ नोव्हेंबर २०२५

दादा,

फाडायचं असेल तर वाचून फाड. तुझा फोन बंद, वहिनीचा फोन तुझ्याच खिशात, म्हणून कागद घेतलाय. येरमाळ्याच्या स्टँडसमोर महांतप्पांच्या हॉटेलात हे पाकीट एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. वहिनी चहा-साखरेला आली की तिच्या हाती पडेल. महांतप्पांना तोंडी निरोप दिला असता, पण हायवेवरच्या हॉटेलात एकाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या ट्रकवाल्यांना कळतं.

काम एवढंच आहे की शेळ्यांच्या गळ्यात मी बांधलेले पट्टे मला थोडा वेळ हातात हवे आहेत. बॅटरी तपासायची आहे. तू म्हणशील, श्रावणात पट्टे बांधताना तर ही बया सांगत होती की बॅटरी शिमग्यापर्यंत चालते, दादा, तू हातसुद्धा लावू नकोस. सांगत होते. आता लावायचाय.

दसऱ्याला जे झालं ते झालं. आमच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा लावला, त्यात पट्ट्यांमुळं तुझं शेळ्यांचं खांड वनखात्याच्या नव्या लागवडीत चरलेलं दिसलं, आणि बघायला आलेल्यांत वनखात्याचा माणूस होता. तुला दंड झाला. "तूच आम्हाला दाखवून दिलंस, आता वाड्यावर पाय ठेवू नको," असं तू म्हणालास, आणि मी ठेवला नाही. मीही तुझीच बहीण आहे, रागात कमी नाही. पण आता राग बाजूला ठेव. येरमाळ्याला भेट, नाहीतर मला यायला सांग, मी येते.

आणि आज शेळ्यांसकट वाडा जिथं बसलाय तिथं उद्या नको. का, ते भेटल्यावर सांगते.

दैवशाला


धाराशिव, ६ नोव्हेंबर

दादा,

महांतप्पांना फोन केला. पत्र वहिनीनं नेलं म्हणतात. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलास.

तर मग ऐक. बॅटरीचं खोटं होतं.

रामहरीतात्या इथं सरकारी दवाखान्यात आहेत. डोक्याला टाके पडलेत. तुझ्या माझ्यापेक्षा जास्त पावसाळे शेळ्यांमागं काढलेला माणूस, कॉटवर पडून छताकडं बघत असतो. तेरच्या अलीकडं नदीकाठी त्यांचा वाडा होता. दिवस मावळताना पिकअप आली, चौघं उतरले, कुत्र्यांना आधीच काहीतरी खायला घातलेलं होतं. तात्या आडवे गेले तर काठी बसली. चांगल्या चांगल्या शेळ्या निवडून गाडीत भरल्या आणि गेले.

तात्यांनी वाडा त्याच दुपारी हलवला होता. ज्याच्या वावरात खतासाठी खांड बसवायचं ठरलं होतं तिथं न जाता ओढ्यापलीकडं गेले होते. तात्यांबरोबरच्या चुलतीलाही ते वाटेतच कळलं. मी त्यांना विचारलं, "मग त्यांना कसं कळलं?" तात्या म्हणाले, "पोरी, त्यातला एक जण निसता फोनकडं बघत चालत आला. मान वर केली न्हाय त्यानं. सरळ वाघरीपाशी येऊन थांबला." वाघर म्हणजे कळपाभोवतीचं जाळं, हे तुला काय सांगायचं. पण तात्या ते सांगताना माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या शेळ्यांच्या गळ्यातही पट्टे मीच बांधलेत.

आता तुला वाटतंय, आपण फोन बंद केला म्हणजे पट्टेही बंद झाले. वहिनी श्रावणात हेच म्हणत होती आणि मी हसण्यावारी नेलं. पट्ट्याचा तुझ्या फोनशी काही संबंध नाही. शेळी कुठं आहे हे पट्टा सारखा ओरडून सांगत असतो. येरमाळ्याच्या टेकडीवर आम्ही जो डबा बसवलाय तो ते ऐकतो आणि माझ्या पडद्यावर ठिपका उमटतो. पण ओरडणं आहे ते. तसा डबा बाजारातून कुणीही आणू शकतो.

कुणाला कळू नये म्हणून त्या बोलण्याला कुलूप असतं. कुलूप पक्कं केलं तर बॅटरी लवकर संपते. बॅटरी टिकावी म्हणून कुलूप हलकं केलं, आणि सगळ्या पट्ट्यांना कारखान्यातून एकच किल्ली आली. एकानं ती शोधली की जिल्ह्यातलं प्रत्येक खांड त्याच्या हातात. किल्ली इथं बसून बदलता येत नाही, प्रत्येक पट्टा हातात धरावा लागतो. आणि पट्टे कुठं आहेत? रानात, तुझ्यासारख्या माणसांकडं, जे माझा फोन उचलत नाहीत.

आमच्या क्षेत्रात याला संशोधनापुढचे प्रश्न म्हणतात. वस्तू एकमेकींशी बोलायला लागल्या की त्यांचं कोण ऐकतं, त्यांना कुलूप कसं लावायचं, एकदा रानात गेलेल्या वस्तूची दुरुस्ती कशी करायची. यावर परिषदा भरतात, चहा-बिस्किटं होतात. मी स्वतः यावर एक प्रकरण लिहिलंय आणि माझ्या गाईड सरांनी त्याचं कौतुक केलंय. तात्यांच्या उशाशी बसले तेव्हा मला त्या प्रकरणाची लाज वाटली.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चोरीचा आणि पट्ट्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, चौदा तारखेला प्रकल्पाला पैसे देणारी मंडळी प्रत्यक्ष बघायला येणार आहेत, तोपर्यंत मेंढपाळांमध्ये घबराट करू नकोस. पुढच्या बनावटीत किल्ली बदलू. पोलिसांनीही लिहून घेतलं आणि पट्टा म्हणजे काय ते तीनदा विचारलं.

मी तुला घाबरवते आहे. पट्टे काप. विळ्यानं काप, कात्रीनं काप. झाकण उघडायच्या भानगडीत पडू नकोस, ते पाणी जाऊ नये म्हणून चिकटवलेलं आहे, तुला उघडणार नाही. सरळ खोल विहिरीत टाक. पाण्याखालून आवाज बाहेर येत नाही. तू आत्ता मोहा रस्त्याच्या डावीकडं, चिंचेच्या झाडाजवळ आहेस हे मला दिसतंय. मला दिसतंय म्हणजे त्यांनाही दिसतंय.

दैवशाला


येरमाळा, ८ नोव्हेंबर

वन्सं, तारामतीचा रामराम.

म्या सातवीपोत शिकलेली, चुका असत्याल तर हसू नका. महांतप्पाच्या टेबलावर बसून लिहितीया. दोन्ही पत्रं म्या तुमच्या दादाला वाचून दाखिवली. रामहरीतात्याचं ऐकून त्यांनी हातातली भाकर ठिवून दिली. मग म्हणाले, "पट्टं निघायचं न्हाईत. म्या तिच्यापुढं भंडारा उचललाय."

तुमीच उचलाया लावला व्हता वन्सं, बिरोबापुढं. शिमग्यापोत पट्ट्याला हात लावणार न्हाय, असं म्हणवून घेतलं. म्या तवाच म्हणले व्हते की येवढ्याशा पट्ट्यासाठी देवाला कशाला मधी आणता. तुमी म्हणलात, वहिनी, माझं शिकनं हाय यात.

आता ते म्हणत्यात, कागदावर लिहिल्यानं शप्पत सुटत न्हाय. आनि दुसरं बी एक म्हणले. म्हणले, "पट्टं काढलं तर तिची परीक्षा बुडंल. तीन साल घालवल्यात तिनं. म्या बोलत नसलो तरी तिचं वाटोळं करनार न्हाय." हे तुमाला सांगू नको म्हणले व्हते.

वाडा आमी रोज हलिवतोय. पर परवा काळ्या कुत्रा मेला. तोंडाला फेस व्हता. त्यांनी त्याला पुरलं आनि कुऱ्हाड उशाला घेतली. एक पांढरी गाडी दोन डाव रस्त्यानं हळू गेली. म्या पोरीला माहेरी लावून दिलीया. ह्यांना एकट्याला सोडून म्या जात न्हाय. चार जन आले तर ह्ये हटनार न्हाईत, तुमाला ठावं हाय.

तुमी बांधलंय, तुमीच सोडवा. लवकर सोडवा.

तारामती


धाराशिव, ९ नोव्हेंबर, सकाळ

दादा,

वहिनीचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. रात्रभर तुझ्या नावानं बोटं मोडली, आणि मग स्वतःच्या.

तुला शपथ का घातली ते सांगते. बाकीच्या मेंढपाळांकडून मी संमतीच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. त्यांनी हसत सह्या केल्या आणि आठ दिवसांत निम्म्यांनी पट्टे काढून टाकले. कुणाची शेळी मान खाजवत होती, कुणाला ते दृष्ट लागल्यासारखं वाटत होतं. सर मला बोलले. तेव्हा मी ठरवलं की एक तरी खांड असं हवं की ज्याचे पट्टे निघणार नाहीत. सहीवर माझा विश्वास राहिला नव्हता, तुझ्या शब्दावर होता. तू सही केली असतीस तर आज सुखात असतास.

या पाकिटात कागदाची पुडी आहे. तिच्यात भंडारा आहे. काल इथल्या बिरोबाच्या देवळात गेले, पुजाऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ज्यानं शब्द घेतला त्यानंच देवापुढं परत द्यावा, म्हणजे दुसऱ्यावर दोष राहत नाही. मी दिला. दोन्ही हातांनी भंडारा उचलून म्हटलं की माझ्या भावाचा शब्द मी सोडला, जे काय बाधेल ते मला बाधो. ही पुडी कपाळाला लाव आणि विळा घे.

माझ्या परीक्षेचं मला विचारू नकोस. तुझ्या अंगावर काठी पडली तर त्या पदवीचं मी काय करू, चुलीत घालू? तू मेलास तर मी काय तुझ्या ठिपक्यांवर प्रबंध लिहू? तुझ्याशिवाय मला माहेर नाही, दादा. हे मी तोंडावर कधी बोलले नसते.

पट्टे काप, विहिरीत टाक. ठिपके विझलेले दिसले की मला कळेल. मी पडद्यासमोर बसून आहे.

दैवशाला


एसटीत, १० नोव्हेंबर, दुपार

दादा,

हे पत्र तुला मिळेल की नाही माहीत नाही. हात रिकामे ठेवले तर मी ओरडेन, म्हणून लिहिते आहे. गाडी हलते आहे, अक्षर लागलं तर लाव.

सकाळी महांतप्पांनी सांगितलं की पाकीट कालच वहिनीनं नेलं. मी वाट बघत होते. ठिपके मोहा रस्त्याला होते, एकमेकांच्या जवळ, म्हणजे शेळ्या सावलीला बसल्या असतील असं वाटलं. मग सगळे ठिपके एकत्र आले. एकावर एक. मला वाटलं कापले, आता विहिरीत पडतील, आता विझतील.

विझले नाहीत. येरमाळ्याला आले आणि थोडा वेळ थांबले. मग हायवेला लागले आणि पळायला लागले. शेळी अशी पळत नाही. माणूसही पळत नाही. गाडीचा वेग होता तो.

मी तशीच उठले. सरांनी कुठं चाललीस विचारलं, मी काय बोलले आठवत नाही. महांतप्पांना फोन लावला तर ते गिऱ्हाइकांत होते, त्यांचा नातू म्हणाला आजोबांना बोलवतो आणि फोन तसाच राहिला. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, गाडीचा नंबर काय? मी म्हटलं, नंबर नाही, ठिपके आहेत. पुढची एसटी येरमाळ्याकडं निघत होती, ती धरली.

फोनवर बघते आहे. ते तेरखेड्यापर्यंत आले. म्हणजे माझ्याच दिशेनं येतायत. याच रस्त्यानं. मी खिडकीशी बसले आहे आणि समोरून येणारी प्रत्येक पिकअप बघते आहे. एकीत कोंबड्या होत्या. एकीत सिमेंट. एक पांढरी ताडपत्री बांधलेली गेली, मी उभी राहिले, पण मागून नुसती सोयाबीनची पोती दिसली. शेजारच्या बाईनं विचारलं काय हरवलं का. मी म्हटलं भाऊ.

येडशीच्या पुढं डोंगर आहे. तिथं आमच्या एकाही डब्याला ऐकू येत नाही. हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, अहवालात लिहिलं होतं की या भागात माहिती मिळत नाही, पुढं सुधारणा करू. ठिपके त्या डोंगराच्या तोंडाशी येऊन थिजलेत. खरंच थांबलेत की पुढं गेलेत हे मला कळत नाही. शेवटचं जे ऐकलं तेच पडदा दाखवत राहतो. तू जिवंत आहेस का हे मला या पडद्यावरून कळत नाही. इतकी वर्षं मी याच्यासमोर बसले, आणि शेळी आहे की शेळीचा पट्टा आहे एवढंही याला सांगता येत नाही.

आत्ता कुठं ठिपके परत दिसले, धाराशिवच्या ऑफिसवरच्या डब्याला. माझ्या मागं. म्हणजे ते मला ओलांडून गेले. मी सगळ्या गाड्या बघितल्या, दादा. एकही सोडली नाही. समोरून एक एसटी गेली, दोन टँकर आणि एक रिकामी पिकअप, बाकी काही नव्हतं.

पुढं येरमाळा आहे. उतरते.


धाराशिव, १६ नोव्हेंबर

दादा,

आता शांतपणे लिहिते.

मी येरमाळ्याला उतरले तेव्हा तोंडाला फेस यायचा बाकी होता. महांतप्पांनी मला बघितलं, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "आवो बाई, तुमी हिकडं कशाला आलाव? तुमचं पोतं तर आत्ताच्या एसटीनं धाराशिवला गेलं की. तुमचा भाऊ सोता कंडक्टरच्या हाती देऊन गेला."

मी त्यांच्या बाकड्यावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. ट्रकवाले बघत होते. बघू देत.

मग त्यांनी तुझा निरोप सांगितला. तू विहिरीवर गेला होतास, पोतं घेऊन उभा राहिलास आणि परत आलास. सरकारी वस्तू आहे, बहिणीच्या नावावर आहे, विहिरीत टाकली तर तिला भरून द्यावी लागेल, असं म्हणालास. आणि म्हणालास, "तिला सांगा, शप्पत तिनंच सोडली. माझ्याकडनं मोडली न्हाय." दादा, तू असा आहेस म्हणून मी तुझ्या शेळ्यांना पट्टे बांधले, आणि तू असा आहेस म्हणून माझा जीव जायची वेळ आली.

पांढरी गाडी त्या दिवशी सकाळी महांतप्पांच्या हॉटेलसमोर उभी होती. तिघांनी पोहे खाल्ले. एकाच्या मांडीवर काळी डबी होती आणि तिला एरियलसारखी आखूड काडी होती. एसटी निघाली तेव्हा ते घाईनं उठले आणि त्याच दिशेला गेले. म्हणजे तेही तुझ्या खांडामागं पळत होते, आणि खांड एसटीच्या टपावर पोत्यात बसून चाललं होतं. महांतप्पांनी वर्णन पोलिसांना सांगितलं आहे. अजून कुणी सापडलेलं नाही. तात्यांच्या शेळ्या परत मिळतील असं मला वाटत नाही, आणि तात्यांनाही वाटत नाही.

पोतं धाराशिवच्या स्टँडवरून मी आणलं. वहिनीनं सगळे पट्टे धुऊन पाठवलेत, एकालाही लेंडी चिकटलेली नाही. आम्ही प्रयोगशाळेत कधी एवढे स्वच्छ ठेवले नव्हते.

चौदा तारखेला मंडळी आली. सरांनी पडदा लावला. नकाशावर तुझं खांड आमच्याच इमारतीत, माझ्या टेबलाखाली दिसत होतं. एका साहेबांनी विचारलं, शेळ्या इथं आणल्या आहेत का. सर माझ्याकडं बघायला लागले. मी उभी राहिले आणि तात्यांच्या टाक्यांपासून सगळं सांगितलं. किल्लीचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं, डोंगराआड ठिपके थिजतात तेही सांगितलं. आणि म्हटलं की ज्याच्या गळ्यात हे बांधायचं त्याला आधी विचारायचं असतं, आणि तो नाही म्हणाला तर दुसऱ्या मिनिटाला ते सोडता आलं पाहिजे. आम्ही तसं बनवलंच नव्हतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी मला प्रकल्पातून काढलेलं नाही, पण त्या दिवसापासून बोलत नाहीत. न बोलणाऱ्या माणसांची मला सवय झाली आहे.

कालपासून मी बाकीच्या वाड्यांवर जाते आहे. पट्टे हातानंच काढावे लागतात. काल कळंब रस्त्याला दोन खांडं झाली. एका म्हाताऱ्यानं पट्टा कापू दिला आणि मग विचारलं की आता शेळी हरवली तर. मी म्हटलं, पूर्वी कशी शोधत होता. तो म्हणाला, हाक मारून. त्याच्यासमोर मला हसू आवरलं नाही, तोही हसला.

हे पत्र महांतप्पांकडं ठेवते आहे. वहिनी कधी येईल त्यांना माहीत नाही. तुम्ही वाडा हलवलात एवढंच त्यांनी ऐकलंय. काल जेवताना दोन वेळा उठून पडद्यापाशी गेले. तिथं तू नाहीस. भीती वाटते, नाही असं नाही. रात्री कुत्री भुंकली की उठून बसते. पण तात्यांना काठी मारणाऱ्यांनाही तू दिसत नाहीस, हे आठवलं की पुन्हा पडते.

तू कुठं आहेस ते मी कुणाला विचारणार नाही, महांतप्पांनाही नाही. ते मला कळायचं असेल तर आता तुलाच सांगावं लागेल, दादा. माझा फोन चालू आहे.

दैवशाला